जुन्या छोट्या होडीला पुढचं शीड किती मोठं असावं?

खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस खात उभं राहिलं की कधीकधी लांब पाण्यावर पांढरी शिडं दिसतात. तिकडे पीकॉक बे आहे. एनडीएचे छात्र तिथे शिडाची होडी हाकायला शिकतात. शेजारी उभा असलेला कोणीतरी हमखास विचारतो, "एकाच होडीला दोन-दोन शिडं कशाला?" मे २०२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो पाहून हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडला होता. एका फोटोत पुढचं शीड भलंमोठं, दुसऱ्यात रुमालाएवढं. होडी तीच, मग शीड का बदलतं?

माझ्या एका मित्राला हा प्रश्न जरा जास्तच जवळून पडला. त्याची बावीस फुटी फायबरची होडी आहे. आराखडा १९७० च्या दशकातला, म्हणजे होडी आमच्या दोघांच्याही वयाची. पावसाळ्यात ती बावधनला ट्रेलरवर उभी असते. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की ताम्हिणी घाट उतरून दाभोळच्या खाडीत जाते. हिवाळ्यातल्या सकाळी वारा इतका मंद असतो की शिडं नुसती लोंबकळतात. मागच्या हंगामात अशाच एका सकाळी तो म्हणाला, "अरे, पुढचं शीड मोठं करून टाकू का? दीडशे टक्क्यांचं एक जुनं स्वस्तात मिळतंय."

उत्तर द्यायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला. सोपा वाटणारा हा प्रश्न किती गोष्टींना हात घालतो, ते इथे पहिल्यापासून मांडतो. होडी कधी पाहिली नसेल तरी चालेल.

आधी दोन शिडांची ओळख

छोट्या होडीत मधोमध डोलकाठी असते. तिच्या मागे आडव्या दांड्याला धरून उभं असतं ते मुख्य शीड. डोलकाठीच्या पुढे, होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या शेंड्याकडे एक तिरकी तार जाते. त्या तारेवर चढतं ते पुढचं शीड. तार, डोलकाठी आणि होडीचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे डेक, मिळून एक त्रिकोण तयार होतो. पुढचं शीड त्या त्रिकोणात मावत असेल तर त्याला जिब म्हणतात. त्रिकोण ओलांडून डोलकाठीच्या मागेपर्यंत पसरत असेल तर जेनोआ.

हो, इटलीतलं जेनोआ शहरच. १९२६ साली तिथल्या शर्यतीत स्वेन सालेन या स्वीडिश माणसाने असं लांब मागे जाणारं शीड लावलं, आणि शहराचं नाव शिडाला चिकटलं.

शीड म्हणजे वाऱ्याने फुगणारी पिशवी, असं आपल्याला वाटतं. वारा पाठीमागून असेल तर ते खरंही आहे. पण वारा समोरून तिरका येत असताना शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत जातो, बाहेरच्या फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि होडी तिकडे ओढली जाते. पाण्याखाली होडीच्या तळाला एक उभी पाटी असते. ती होडीला आडवं घसरू देत नाही. मग ओल्या साबणाची वडी चिमटीत दाबली की जशी पुढे सटकते, तशी होडी पुढे सरकते.

आणखी एक शब्द लागेल: शीट. शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेली, शीड ओढून धरणारी दोरी म्हणजे शीट. नवखा माणूस शीट म्हटलं की कापड समजतो. तिथे गोंधळ होऊ देऊ नका, कारण पुढचं सगळं गणित या दोरीवर येऊन थांबतं.

दीडशे टक्के, पण कशाचे?

इथे बहुतेकांची फसगत होते. "दीडशे टक्क्यांचं शीड" म्हणजे जुन्या शिडाच्या दीडपट, असा अर्थ नाही. डोलकाठीच्या बुंध्यापासून पुढची तार जिथे नाळेला अडकवली आहे तिथपर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. मग शिडाच्या मोकळ्या कोपऱ्यापासून त्याच्या पुढच्या कडेवर काटकोनात रेघ टाकायची आणि तीही मोजायची. ही रेघ त्या आडव्या अंतराच्या जितके टक्के, तितक्या टक्क्यांचं शीड. म्हणून एका होडीचं दीडशे टक्क्यांचं शीड दुसऱ्या होडीला एकशे वीस टक्क्यांचं ठरू शकतं. जुनं शीड विकत घेताना टक्के विचारू नका, कडांची लांबी मीटरमध्ये विचारा.

मित्राच्या होडीत ते आडवं अंतर अडीच मीटर आहे आणि शिडाची पुढची कड साधारण आठ मीटर. शंभर टक्क्यांचं शीड झालं दहा चौरस मीटरचं. एकशे तीसचं तेरा, दीडशेचं पंधरा. मुख्य शीडही जवळपास दहा चौरस मीटर आहे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आणि दीडशेच का? एकशे साठ का नाही? कारण निसर्गात नाही, शर्यतींच्या नियमात आहे. १९७० च्या दशकात मोठ्या शर्यती इंटरनॅशनल ऑफशोअर रूल या नियमाने चालत. त्यात दीडशेच्या पुढच्या शिडाला दंड बसायचा, आणि मुख्य शीड लहान ठेवून पुढचं मोठं ठेवणं फायद्याचं ठरायचं. त्या काळातल्या कितीतरी होड्या, शर्यतीत कधीही न उतरलेल्यासुद्धा, त्याच साच्यात घडल्या. डोलकाठी उंच, मुख्य शीड अरुंद, सगळी मदार पुढच्या शिडावर. म्हणून जुन्या होडीच्या मालकाला मोठं शीड हवंसं वाटतं यात नवल नाही. तिच्या आराखड्यातच ती भूक आहे.

मंद वाऱ्यात किती फरक पडतो?

पडतो, आणि चांगला पडतो. शंभरचं शीड काढून दीडशेचं लावलं तर दोन्ही शिडं मिळून वीसचे पंचवीस चौरस मीटर झाले. म्हणजे पाव हिस्सा वाढ. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग पाव हिस्सा वाढत नाही. ढोबळ हिशेबाने बाराएक टक्के वाढतो. ताशी साडेपाच किलोमीटरने जाणारी होडी सव्वासहाच्या आसपास जाईल. एकशे तीसचं लावलं तर वाढ सात टक्क्यांची.

कागदावर हे किरकोळ दिसतं. पाण्यावर तसं वाटत नाही. अगदी मंद वाऱ्यात होडी एकतर सरकते किंवा थांबते, मधलं काही नसतं. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. म्हणून तेवढ्या जास्तीच्या कापडाने "होडी आपल्या हातात आहे" आणि "आपण ओंडक्यासारखे वाहत चाललोय" यातला फरक पडू शकतो. मोठ्या शिडाची खरी किंमत इथे आहे. वेगात नाही.

जोराच्या वाऱ्यात मोठं शीड जास्त पळवेल ना?

नाही. पाणी कापत जाणारी होडी स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढत गेला की ती लाट लांबत जाते आणि एका टप्प्यावर होडीएवढीच लांब होते. नाळेपाशी एक उंचवटा, मागे दुसरा, आणि होडी मधल्या खड्ड्यात बसलेली. याहून वेगात जायचं तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. जड होडीला ते जमत नाही. तीन जण बसलेली जुनी स्कूटर कात्रजच्या घाटात जशी कितीही ॲक्सिलरेटर पिळला तरी पुढे रेटत नाही, तसं.

ही मर्यादा काढायचं एक जुनं सूत्र आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मित्राच्या होडीची पाण्यातली लांबी १८ फूट, म्हणजे ५.७ नॉट, ताशी साडेदहा किलोमीटर. बरा वारा असेल तर ती शंभर टक्क्यांच्या शिडावरही तिथे पोचते. त्यापुढे चढवलेलं प्रत्येक हात कापड होडीला पुढे नेत नाही, फक्त आडवं करतं.

वारा दुप्पट, जोर चौपट

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वारा वीस नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गणपतीच्या दिवसांत चौकात लावलेल्या मोठ्या फ्लेक्सला कार्यकर्ते भोकं पाडतात, ती त्यासाठीच. साध्या झुळकीत निमूट उभा असलेला फ्लेक्स एका वावटळीत बांबूसकट उखडतो.

शीटवर किती ताण येईल याचं एक रूढ सूत्र दोरखंड आणि कप्प्या बनवणारे लोक वापरतात. शिडाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, गुणिले वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाचा वर्ग, गुणिले ०.००४३१. उत्तर पौंडांत येतं. किलोत बदलून सांगतो. दहा चौरस मीटरच्या शिडाला दहा नॉटच्या वाऱ्यात साधारण २१ किलो ताण. पंधरा चौरस मीटरला ३२ किलो. हातात धरता येईल इतकाच. आता वारा वीस नॉट करा. लहान शीड ८४ किलो, मोठं १२६ किलो. सिमेंटची अडीच पोती एका बोटाएवढ्या दोरीला लटकली आहेत, आणि ती दोरी होडीच्या ज्या एका कप्पीतून जाते ती चार स्क्रूंवर बसवलेली आहे.

जुन्या वाड्यावर नवी टाकी

सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळवदावर दोन हजार लिटरची पाण्याची टाकी चढवायची म्हटलं, तर शहाणा माणूस आधी टाकीचा रंग निवडत नाही. आधी खालचे खांब, तुळया, वाळवी बघतो. जुन्या होडीचं तेच.

हे मला शिकायला लागलं ते वाईट पद्धतीने. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या होडीवर आम्ही उसनं आणलेलं मोठं जेनोआ चढवलं होतं. दुपारी वारा वाढला. शीड उतरवायला हवं होतं, मला ते कळतही होतं, पण होडी छान पळत होती म्हणून मी अजून दहा मिनिटं म्हणालो. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि शीटची कप्पी डेकमधून उपटून माझ्या कानाजवळून गेली. कोणाला लागलं नाही. कप्पी दोरीला लोंबकळत होती, चारही स्क्रू तिच्यासोबत आले होते आणि त्यांच्या आट्यांमध्ये काळपट, ओलं काहीतरी भरलं होतं. बोटांनी दाबलं तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखा लगदा.

फायबरच्या होडीचं डेक नुसतं फायबरचं नसतं. वर-खाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड, असा तो सँडविच असतो. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून पॉलिश मारलेलं डेक चकाचक दिसत राहतं. पाहायचं कसं? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर चार बोटांवर टकटक करत जायचं. चांगलं डेक खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द. नारळ निवडता येतो त्याला हे येतंच.

दुसरी जागा तारांची. डोलकाठी पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या तारांनी ताणून उभी असते. स्टेनलेस म्हटलं की माणूस निश्चिंत होतो, पण खारं पाणी साचून राहतं, हवा लागत नाही, अशा फटीत हेच स्टील आतून गंजत जातं. तार जिथे टोकाच्या नळीत शिरते, तिथे तपकिरी डाग ओघळलेला दिसला की थांबा. सुती फडकं तारेभोवती धरून हलक्या हाताने खालपासून वर न्या. जिथे एखादा पदर तुटला असेल तिथे सूत अडकतं. उघडा हात कधीही फिरवू नका, सुईसारखं घुसतं. समुद्रात वापरलेल्या होडीच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. मित्राच्या होडीच्या किती जुन्या आहेत, हे त्याच्या आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं. हेच उत्तर समजायचं.

तिसरी जागा, तारा होडीच्या अंगाला जिथे पोचतात त्या स्टीलच्या पट्ट्या. त्यांना चेनप्लेट म्हणतात. त्या आत फळ्यांना बोल्टने जखडलेल्या असतात आणि सहज दिसत नाहीत. वेळ काढून उघडाव्याच लागतात.

सुकाणू हाताला काय सांगतं?

शीड बदललं की होडीचा तोल बदलतो. तोल म्हणजे ती कलंडणं नव्हे, वळण्याची ओढ. कुठल्याही घराच्या छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा आठवा. त्याच्या खिळ्यामागे पत्रा जास्त म्हणून तोंड वाऱ्याकडे वळतं. होडीचा खिळा म्हणजे पाण्याखालची ती उभी पाटी. मुख्य शीड खिळ्याच्या मागे ढकलतं, त्यामुळे नाळ वाऱ्याकडे वळू पाहते. पुढचं शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं. दोघांची रस्सीखेच चालू असते.

चांगल्या होडीत मुख्य शीड किंचित वरचढ असतं. सुकाणू सोडलं तर होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करते, शिडं फडफडतात, होडी थांबते. हा तिचा शहाणपणा आहे. पुढचं शीड बेतापेक्षा मोठं केलं की मंद वाऱ्यात ही रस्सीखेच पुढच्या शिडाकडे झुकू शकते. मग सुकाणू सोडलं तर होडी वाऱ्यापासून पळू लागते, आणि थांबायच्या ऐवजी वेग धरते. एकट्याने होडी चालवणाऱ्याने ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

गंमत अशी की जोराच्या वाऱ्यात नेमकं उलट होतं. मोठ्या शिडाने होडी कलते, शिडांचा जोर होडीच्या मध्यावर न राहता एका बाजूला पाण्यावर जातो. हातगाडी एका कोपऱ्याला धरून ढकलली की वळते, तशी होडी वाऱ्याकडे वळायला बघते. सुकाणू छातीपर्यंत ओढून धरावं लागतं. आडवं धरलेलं सुकाणू म्हणजे ब्रेक. एवढं करून वेग कमीच.

"पण गुंडाळता येतं की! मग सर्वांत मोठंच घेऊ"

ही शंका सर्वांत आधी येते, आणि ती चुकीची नाही, अर्धी आहे. पुढच्या तारेवर ड्रम बसवून शीड पडद्यासारखं गुंडाळायची सोय आता बऱ्याच होड्यांत असते. वारा वाढला की दोरी ओढायची, शीड लहान. पण शीड म्हणजे सपाट चादर नाही. शिंप्याने त्याला पोट दिलेलं असतं, ब्लाउजला टक्स देतात तसं. गुंडाळल्यावर कडा आधी घट्ट होतात आणि पोट तसंच राहतं, किंबहुना जास्त बाहेर येतं. आपल्याला जोराच्या वाऱ्यात सपाट शीड हवं असतं, आणि मिळतं फुगीर. पुढच्या कडेला फोमची पट्टी शिवून घेतली तर हे बरंच सावरतं. तरीही साधारण एक तृतीयांश गुंडाळण्यापलीकडे आकाराची दुर्दशा होते. दीडशेचं शीड शंभरपर्यंत ठीक. सत्तरपर्यंत गुंडाळून वाऱ्यावर चढायचा, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकं जायचा, विचार करू नका.

शिवाय मंद वाऱ्यासाठी शिवलेलं कापड हलकं असतं. तेच गुंडाळून वादळात वापरलं की ते ताणून कायमचं बिघडतं.

"दोन शिडांमधल्या फटीतून वारा सुसाट जातो म्हणतात"

जुन्या पुस्तकांत हे असायचं, आणि अजूनही तळ्याकाठी ऐकू येतं: जेनोआ आणि मुख्य शीड यांच्यामधली चिंचोळी फट नळाच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखी वाऱ्याचा वेग वाढवते. आर्वेल जेंट्री या विमानविद्येच्या अभियंत्याने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की असं होत नाही. फटीतल्या बऱ्याच भागात वारा उलट मंदावतो. मुख्य शीड आपल्या पुढचा वारा असा वळवतं की पुढच्या शिडाला तो जास्त चांगल्या कोनातून मिळतो. पुढचं शीड भाव खातं ते मुख्य शिडाच्या जिवावर. म्हणजे फुगून पोतं झालेलं मुख्य शीड तसंच ठेवून फक्त पुढचं बदललं, तर निम्मे पैसे पाण्यात.

"स्वस्तात मिळतंय ना, मग बिघडलं कुठे?"

माझं मत इथे स्पष्ट आहे. थकलेल्या मोठ्या शिडापेक्षा ताजं लहान शीड केव्हाही सरस. डेक्रॉन हे पॉलिएस्टरचं कापड. ऊन आणि ताण यांनी त्याचा धागा सैलावतो. शिडाचं पोट, जे पुढच्या बाजूला हवं, ते हळूहळू मागे सरकतं. असं शीड पुढे ओढण्याऐवजी आडवं ढकलतं. मऊसूत झालेलं शीड हाताला छान लागतं, पण ते धुतलेल्या धोतरासारखं मऊ असेल तर त्याचं काम संपलेलं आहे. चांगलं डेक्रॉन दुमडलं की कागदासारखं करकरतं.

आणि स्वस्त शीड स्वस्त राहत नाही. त्याचा मोकळा कोपरा मागे जातो, म्हणून शीटची कप्पीही मागे न्यावी लागते. तिथे डेक मजबूत करा, कप्पी पुढेमागे सरकवायची नवी पट्टी बसवा, मोठी विंच लावा. विंच म्हणजे दोरी ओढायचा हाताने फिरवायचा रहाट.

दोरी लावून बघा

एक पैसाही खर्च न करता हे सगळं आधी पाहता येतं. श्रावणात बावधनला आम्ही तेच केलं. डोलकाठी उभी केली, शेंड्यापासून नाळेपर्यंत तार ताणली, आणि नायलॉनच्या दोरीने मोठ्या शिडाच्या कडा हवेत आखल्या. एक दोरी शेंड्यापासून, एक नाळेपासून, दोन्ही जिथे मिळतील तिथे गाठ. गाठ म्हणजे शिडाचा मोकळा कोपरा. सोसायटीतली दोन मुलं दोऱ्या धरून उभी होती.

दीडशेची गाठ बाजूच्या तारा ओलांडून पार बसायच्या जागेशेजारी आली. तिथून खाली शीट नेली तर कप्पी बसवायला जागाच नव्हती, तिथे डेक संपून बसायची कड सुरू होते. एकशे तीसची गाठ तारांच्या जरा मागे आली. तिथे जुनी पट्टी आहेच. कप्पी कुठे हवी याचा ढोबळ अंदाज असा: शीटची रेघ शिडावर तशीच पुढे वाढवली तर ती पुढच्या कडेच्या साधारण मध्यावर पोचायला हवी. नेमकी जागा पाण्यावरच ठरते. शिडाच्या पुढच्या कडेजवळ लोकरीचे धागे तीन उंचींवर, दोन्ही बाजूंना चिकटवायचे. वाऱ्याकडे हळूहळू वळताना वरचा आतला, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूचा, धागा आधी फडफडला तर कप्पी पुढे सरकवायची, खालचा आधी फडफडला तर मागे.

आपला वारा कुठला?

कोणाच्या होडीवर कोणतं शीड आहे यापेक्षा हा प्रश्न मोठा. शाळेत भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. कोकणात हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारा, अगदी मंद. मधे तासभर काहीच नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत चांगला जोर धरतो. म्हणजे एकाच दिवसात मोठ्या शिडाचीही वेळ येते आणि लहान शिडाचीही. खाडीत तर वाऱ्यावर चढताना घाटातल्या वळणांसारखं सतत इकडून तिकडे वळावं लागतं, आणि दर वळणाला जेनोआ डोलकाठीभोवतून ओढून आणावं लागतं. शीड जितकं मोठं तितकी ही ओढाताण जास्त.

खडकवासल्यासारख्या लांबट, चिंचोळ्या, डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर आणखी एक अडचण. डोंगराच्या खिंडीतून वारा झपकन उतरतो, आणि पाण्यावर लाटा उठायला पुरेशी मोकळी लांबी नसते. उघड्या समुद्रावर फेसाचे पांढरे तुरे वारंवार दिसू लागले की वारा अकरा नॉटच्या पुढे गेला असं समजावं आणि मोठं शीड आवरायला घ्यावं. तलावात ते तुरे उशिरा दिसतात. तिथे पाण्यावर पसरत येणारा काळा चट्टा बघायचा. तो होडीपाशी पोचायच्या आत हात शीटवर हवा.

मोठ्या शिडाचा खालचा काठ समोरचं दृश्यही झाकतो. दाभोळच्या खाडीत मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे असतात, फेरीबोट असते. म्हणून नवं शीड शिवताना खालची कड जरा उंच कापून घ्यायची. थोडं क्षेत्रफळ जातं. जाऊ द्या.

मग काय ठरलं

दीडशेचं स्वस्त शीड मित्राने घेतलं नाही. एकशे तीसचं नवं शिवायला टाकलं आहे, मध्यम जाडीच्या डेक्रॉनचं, पुढच्या कडेला फोमची पट्टी आणि मागच्या कडेला उन्हापासून वाचवणारं वेगळं कापड लावून. खालच्या काठावर दोन ठिकाणी रंगीत खूण करायला सांगितली आहे, म्हणजे वारा वाढल्यावर किती गुंडाळायचं हे डोळ्यांना दिसेल.

पण पैशांचा मोठा वाटा त्यात गेलेला नाही. सगळ्या तारा बदलल्या. चार चेनप्लेट उघडल्या, त्यातल्या तीन ठीक निघाल्या. चौथी डाव्या बाजूची. वरून आरशासारखी चकचकीत, आणि डेकमधून जिथे आत जात होती तिथे केसाएवढी तडा अर्ध्या रुंदीपर्यंत गेलेली. बोल्ट काढून ती हातात घेतली तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मागचा अख्खा हंगाम आम्ही, आणि दोनदा त्याची मुलगी, त्या पट्टीच्या भरवशावर खाडीत हिंडलो होतो.

नवी पट्टी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये कापायला दिली आहे. जुनी त्याने फेकली नाही, होडीच्या आत चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला अडकवून ठेवली आहे.